डाव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा

वैशाखात धुळ्याच्या हवेत ओलावा किती असतो, हे मला आकड्यात माहीत आहे. पुढच्या खोलीत कॅलेंडरच्या शेजारी बोटभर लांबीचं एक यंत्र टांगलेलं आहे. वरच्या ओळीत तापमान, खालच्या ओळीत हवेतला ओलावा. काल दुपारी दोनला खालचा आकडा चौदा होता. घरात कुणालाच त्याचं देणंघेणं नाही. सासूबाईंना ते घड्याळ वाटतं, आणि ते कायम चुकीची वेळ दाखवतं असं त्यांचं ठाम मत आहे. मी मात्र येताजाता त्याच्याकडे बघते. आकडा पंधराच्या खाली उतरला की दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा येऊन बसतो आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही.

त्या उन्हाळ्यात मी पापण्या लावायला शिकत होते.

हे वाक्य मी तेव्हा बऱ्याच जणांसमोर उच्चारलं आणि प्रत्येक वेळी पुढे समजावून सांगावं लागलं. नाटकातल्या बायका एक आख्खी पट्टी चिकटवतात, ते हे नव्हे. डाव्या हातातल्या चिमट्यानं समोरच्या बाईच्या पापणीचा एकच केस बाकीच्यांपासून वेगळा करायचा. उजव्या हातातल्या चिमट्यात एक कृत्रिम केस धरायचा, त्याचं टोक ग्लूच्या थेंबात बुडवायचं आणि मूळच्या केसावर टेकवायचं. कातडीला लागू द्यायचं नाही, शेजारच्या केसाला लागू द्यायचं नाही. असं एका डोळ्याला सत्तर-ऐंशी वेळा. त्या बाईनं अडीच तास डोळे मिटून, न बोलता पडून राहायचं. एवढं ऐकून झाल्यावर ऐकणारा हमखास विचारायचा, पण कशाला? लग्नसराईत नवऱ्यामुलींना हे हवं असतं आणि त्यासाठी त्या धुळ्याहून नाशिकला नाहीतर सुरतेला जातात, एवढंच मला माहीत होतं.

त्याआधी आठ वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होते. रक्त काढणारा माणूस चेहरा बघत नाही, शीर बघतो. कुणी घाबरलेलं असतं, कुणी ओळखीचं असतं, कुणाच्या रिपोर्टात काय निघणार याचा आपल्याला अंदाज आलेला असतो. हाताला त्यातलं काही कळू द्यायचं नाही. मला ते जमायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचं. माझं लहानपण भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. तिथे सगळे कुठून कुठून नोकरीला आलेले, आणि निवृत्त झाले की ट्रक भरून निघून जाणारे. शेजाऱ्यांवर फार जीव लावायचा नाही, हे आम्ही मुलं कुणी न शिकवता शिकलो. आमचाही ट्रक एके दिवशी भरला. आईवडील पुण्याला भावाकडे गेले आणि माझं माहेर दुसऱ्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत जाऊन बसलं.

लॅबच्या डॉक्टरांनी एका मार्चमध्ये लॅब बंद केली. घरात ठरलं की जूनपासून मी एका शाळेच्या ऑफिसात बसायचं. नवऱ्याच्या मामांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात पाळ्या करतो आणि मोजकं बोलतो. तो म्हणाला, तुला ते पापण्यांचं शिकायचंय ना, शीक. मेअखेर सर्टिफिकेट हातात आलं तर मामांना नाही म्हणून सांगू, नाही आलं तर शाळा. मला शाळा नको होती. दाखल्यांवर शिक्के मारत माझे केस पिकतायत असं चित्र डोळ्यासमोर यायचं. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काहीही नको होतं, फक्त ते सर्टिफिकेट हवं होतं.

क्लास जळगावला होता. शनिवार-रविवार सकाळची एस.टी. धरायची. पारोळा, एरंडोल, जळगाव. सोनल मॅडम राजस्थानी जैन कुटुंबातली सून. खाली सासऱ्यांचं कापडाचं दुकान, वरच्या मजल्यावर हिचा क्लास. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मला दीदी म्हणायची आणि चुकले की दीदी म्हणूनच झापायची. तिच्याकडे पहिले दोन आठवडे आम्ही नुसत्या स्पंजावर केस टोचत होतो. मग रबराचं एक मुंडकं मिळालं. त्याचे डोळे कायमचे मिटलेले, त्यामुळे त्याची कसलीच तक्रार नसे.

क्लासमध्ये एसी होता, हवेत वाफ सोडणारं यंत्र होतं, आणि भिंतीवरच्या ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा खालचा आकडा नेहमी पन्नासच्या आसपास. ग्लू तीन सेकंदांत पकडायचा. तोच ग्लू मी धुळ्याला आणला की त्याला आमचं घर मानवायचं नाही. या ग्लूला सुकायला हवेतला ओलावा लागतो, आणि आमच्याकडे तर सकाळी धुतलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. कूलर लावला तर ओलावा मिळे, पण वाऱ्यानं केस उडत. कूलर बंद केला तर केस जागेवर राहत, पण ग्लू सुकायचं नाव घेत नसे. मी बंद कूलरच निवडला. दारं-खिडक्या लावून, चादरी टांगून, घामाच्या धारा पुसत मी रबराच्या मुंडक्यासमोर बसायचे. मुंडकं मॅडमकडे परत द्यावं लागलं तेव्हा गव्हाच्या ओंबीवर हात चालवला. ओंबीची कुसळं ओळीनं असतात, जाडही बेताची. चैत्रात कुणीतरी शेतातून आणून दारावर लावलेला ओंब्यांचा झुबका मी एकेक करून संपवला. सासूबाईंनी एकदा ती केसाळ झालेली ओंबी उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा होती तशी ठेवली.

या कामात तुम्ही माणसाच्या डोक्याच्या मागे बसता. त्यामुळे चेहरा उलटा दिसतो. उलटा चेहरा कुणाचाच नसतो. हनुवटीच्या जागी कपाळ आलं की राग, आठ्या, मोठेपणा सगळं निघून जातं आणि नुसता एक प्रदेश उरतो. मला ते फार सोयीचं वाटलं. वितीभर अंतरावरून एखाद्याकडे इतका वेळ बघायचं आणि तरी त्याच्याशी काही संबंध नाही, असं दुसरं कुठलं काम मला माहीत नाही. हा माझा समज पुढे टिकला नाही, पण तेव्हा होता.

परीक्षेला मॉडेल स्वतःचं आणायचं होतं, जिवंत. मी गल्लीत विचारत सुटले. समोरच्या काकूंनी भुवया देऊ केल्या, डोळे देईनात. कोपऱ्यावरच्या मुलीनं होकार दिला आणि तिच्या आईनं संध्याकाळी येऊन तो परत घेतला. लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीला मोतीबिंदूची भीती वाटली, वय पस्तीस. सगळ्यांचं म्हणणं एकच, हात दे म्हण, पाय दे म्हण, डोळ्याशी खेळ नको. मला त्यांचा राग आला नाही. मीही दिले नसते.

मग आखाजी आली. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि तो लेकीबाळींचा सण. गल्लीतल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे खाऊन दुपारी लोळतात. सुना त्यांना वाढतात आणि मग आपापल्या माहेरी जातात. मी वाढते आणि घरीच असते. त्याचं मला वाईट वाटतं असं नाही, पण दुपारी झोक्यावरच्या गाण्यांचा आवाज येतो तेव्हा मी भांडी जरा जोरात घासते, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

कल्पनाताई, माझी नणंद, पारोळ्याहून आल्या. माझ्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. घरचं पारोळ्याच्या मार्केटात आडतीचं दुकान, मुलगा त्या वर्षीच शिकायला बाहेरगावी गेलेला, बाकी सगळं ठीकठाक. आमचं भांडण कधी नव्हतं, पण जवळीकही नव्हती. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या भाकरीकडे बघून ही कुठल्या जिल्ह्याच्या नकाशासारखी आहे असं विचारलं होतं, आणि मी अकरा वर्षं ते मनात जपून ठेवलं होतं. तर या कल्पनाताईंनी आखाजीच्या तिसऱ्या दिवशी, मी ओंबीशी झटत असताना, दारात उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "ती ओंबी ठेव. मी पडते. नाहीतरी दुपारी मला झोप येत नाही."

मी चटई घातली, उशी ठेवली. डोळ्याखाली चिकटवायचं जेल पॅड लावलं, त्याच्याखाली खालच्या पापण्यांचे केस दाबून झाकले. हे महत्त्वाचं असतं. वरचा केस खालच्याला चिकटला तर डोळा उघडत नाही. कूलर बंद केला. उजवा डोळा झाला तो पावणेदोन तासांत. त्या खरंच हलल्या नाहीत. मला त्यांच्याविषयी पहिल्यांदाच आदर वाटला.

मग मी डाव्या डोळ्याकडे वळले. आतल्या कोपऱ्यापासून निघाले, मध्यावर आले, आणि बाहेरच्या कोपऱ्याशी चिमटा थांबला. तिथे केस नव्हते. नखाएवढी जागा, अगदी साफ. मधूनच एखादा आखूड खुंट. हा आजार नव्हता. आजारानं गेलेल्या केसांची रेघ अशी कापल्यासारखी नसते. कुणीतरी तिथले केस ओढून काढत होतं, आणि माणूस दुसऱ्याच्या पापण्या ओढत नाही. चार हातांवरून काजळ घातलेल्या डोळ्यात हे कुणाला दिसणार? घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसलं नव्हतं.

लॅबमध्ये असते तर मी शीर बघितली असती आणि पुढच्याला आवाज दिला असता. इथे मात्र मी काय केलं, तर ती जागा भरून टाकायची ठरवली. का, ते अजून नीट सांगता येत नाही. कणव आली म्हणावं तर मी तशी नाही. आरशात बघितल्यावर त्यांना ती जागा दिसू नये असं वाटलं एवढं खरं. मूळचा केस नसेल तिथे काही लावता येत नाही, हा या कामाचा पहिला नियम. मी तो मोडला. जरा जास्त ग्लू घेतला आणि केस सरळ कातडीच्या कडेला टेकवायला लागले. चारपाच झाले असतील. घामानं डोळ्याखालचं पॅड सैल होऊन घसरलेलं माझ्या लक्षात आलं नाही. कोरड्या हवेत ग्लू सुकला नाही, तो ओघळला, आणि खालच्या पापण्यांशी जाऊन मग निवांत सुकला.

मी म्हणाले, ताई, हळूच डोळे उघडा. उजवा उघडला. डावा बाहेरच्या बाजूनं उघडला नाही.

त्या उठून बसल्या, हात डोळ्याकडे गेला, मी तो धरला. ओढू नका, ओढू नका, एवढंच मी म्हणत होते. मॅडमनं दिलेली ग्लू काढायची क्रीम कातडीवर लागली की झोंबते. इतक्या आत लावायचं धाडस माझ्यात नव्हतं. समोरच्या काकू, कोपऱ्यावरच्या मुलीची आई, मोतीबिंदूवाली मैत्रीण, सगळ्यांचं बरोबर होतं असं मला वाटून गेलं.

आवाज ऐकून सासूबाई गच्चीवरून उतरल्या. वर बिबड्या घालणं चाललं होतं; ज्वारीच्या पिठाचे हे पापड आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे करून ठेवतात. त्यांच्या हातात तेलाची वाटी होती. मला वाटलं आता माझी खैर नाही. त्यांनी काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, आणि त्या लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. लग्नाआधी त्या चोपड्याकडे तापीकाठच्या केळीच्या बागांमध्ये घड उतरवायच्या कामाला जात. केळीचा चीक हाताला, लुगड्याला लागला की पाण्यानं जात नाही, तेलानं सुटतो, हे त्यांच्या एकूण एक लुगड्यानं त्यांना शिकवलेलं.

"हात काढ," त्या मला म्हणाल्या. "केयना चीक निंघस तसा हाऊ बी निंघी. घाई नको करू."

कापसाची बारीक वात त्यांनी तेलात बुडवली आणि डोळ्याच्या कडेनं फिरवायला लागल्या. पुसायची नाही, नुसती टेकवायची. पुन्हा तेल, पुन्हा टेकवायची. चाळीस मिनिटं. मध्ये लाइट गेली, पंखा थांबला. हळूहळू एक केस सुटला, मग दुसरा, मग त्या आठ-दहा केसांचा गुंता वातीबरोबर अलगद बाहेर आला आणि डोळा उघडला. लाल झाला होता, बाकी काही नाही. कल्पनाताईंनी आरसा मागितला नाही. डाव्या डोळ्यावर लावलेलं सगळं तेलानं गेलं होतं, उजव्यावर मात्र दाट पापण्या तशाच. तो चेहरा बघून मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाचा असता तर.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सासूबाई आत आल्या, दार लोटलं, आणि पाटावर बसल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "दहावीले व्हती तवय बी अशीच उपटे. आते परत सुरू व्हयनं." दहावीत असतानाही कल्पनाताई पापण्या उपटायच्या, हे मला तेव्हा कळलं. उठताना म्हणाल्या, "तिले सांगू नको, मी देखी लिधं ते." म्हणजे त्यांनी पाहिलं हे कल्पनाताईंना कळू द्यायचं नाही. मी मान हलवली. पोटच्या मुलीच्या डोळ्याची कड चाळीस मिनिटं वितीभरावरून बघत बसलेल्या बाईला ते दिसलं नसेल, असं मला कसं वाटलं कुणास ठाऊक.

पुढचे दोन आठवडे कल्पनाताई माहेरीच होत्या, पण घरात कुणी डोळ्यांचा विषय काढला नाही. मी त्यांच्या उजव्या डोळ्यावर लावलेले केस तेलानं काढले, तेवढ्यापुरतं त्या माझ्यासमोर पडल्या आणि उठल्या. जळगावला मी मॅडमला सगळं खरं सांगितलं, फक्त ती मोकळी जागा सोडून. म्हणाले, पॅड घसरलं, नणंदेचा डोळा चिकटला. मॅडम म्हणाली, दीदी, नशीब समजा. परीक्षा मेच्या शेवटच्या रविवारी. माझ्याकडे मॉडेल नव्हतं. मी मनातल्या मनात शाळेच्या ऑफिसात टेबल कुठे असेल याचा विचार करायला लागले होते. खिडकीपाशी मिळालं तर बरं, इथपर्यंत आले होते.

शुक्रवारी कपड्यांच्या घड्या घालताना कल्पनाताई म्हणाल्या, मला रविवारी पारोळ्याला जायचंच आहे. सकाळी तुझ्याबरोबर जळगावला येते, परत येताना पारोळ्याला उतरेन. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. भीती नाही वाटत का, असं विचारलं. वाटते, म्हणाल्या, आणि घड्या घालत राहिल्या. सर्टिफिकेटसाठी मी काय काय केलं असतं याची यादी मोठी होती. त्यांच्या पाया पडायचंही तीत होतं. पडले नाही. त्या रात्री मला झोप लागली, एवढं आठवतं.

परीक्षेच्या खोलीत सहा जणी आणि सहा मॉडेल. आकडा बावन्न. कल्पनाताई माझ्याकडे डोकं करून पडल्या, त्यांची बिबड्यांनी भरलेली पिशवी भिंतीशी. मी कामाला लागले. त्या दिवशी हात चांगला चालला. ग्लू जागच्या जागी पकडत होता, केस एका उतारानं बसत होते. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी आले आणि थांबले. तिथे काही लावलं नाही. शेजारच्या केसांवर जरा लांब केस घेऊन ती जागा जितकी झाकता येते तितकी झाकली. जे नव्हतं ते तसंच ठेवलं.

मॅडम भिंग घेऊन एकेकीकडे फिरत आली. उजव्या डोळ्याला मान हलवली. डाव्यावर ब्रश फिरवला, केस वर झाले, आणि मोकळी जागा उघडी पडली. ती वाकली. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिनं विचारलं, "दीदी, उस दिन आपने खींचा था ना? मूळचे केस तोडलेत तुम्ही."

मूळचे केस तोडणं म्हणजे या कामात सगळ्यात मोठा गुन्हा. त्याला माफी नाही, पुढची तारीख नाही. मी तोडले नव्हते. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग गेले कुठे? आणि त्याचं उत्तर माझं नव्हतं. मी गप्प उभी राहिले. मॅडमनं कागदावर पेन टेकवलं. माझं सर्टिफिकेट गेलं, हे मला अगदी स्वच्छ कळलं. अकरा वर्षं मी ज्या बाईचं एक वाक्य मनात धरून बसले होते, तिच्यासाठी मी गप्प होते, हेही कळलं.

"तिनं नाही तोडले," कल्पनाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "मी उपटते. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा. वर्ष होईल आता."

आज मुगाची डाळ केली होती, इतक्या साध्या आवाजात त्यांनी ते सांगितलं. पाच अनोळखी बायका आपापल्या उशांवर डोळे मिटून पडलेल्या, त्यातली एकही हलली नाही. मॅडमचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिनं भिंग खाली ठेवलं, कल्पनाताईंच्या खांद्याला हात लावला, सॉरी भाभी म्हणाली, आणि मग कागदावर सही केली. मी ती सही बघितली, आणि मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. मला कुणी असं काही देऊ केलेलं आठवत नाही.

परतीची एस.टी. चारची. उन्हाच्या झळा खिडकीतून आत येत होत्या. मी काच ओढली, अर्ध्यावर अडकली. कल्पनाताई डोळे किलकिले करून बसल्या होत्या; चोवीस तास पापण्यांना वाऱ्यापाण्यापासून जपायचं असतं. एरंडोल गेलं. माझं सर्टिफिकेट मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत होतं. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आईला सांगू नकोस हं. तिला काही माहीत नाही. कळलं तर जेवायची नाही ती."

मी कुणाच्या मध्ये पडत नाही. दीपनगरात शिकलेलं ते एकच शहाणपण मी अजून वापरते. शिवाय सासूबाईंना मी शब्द दिला होता. दोघी एकमेकींना जपत होत्या, आणि दोघींच्या मध्ये फक्त मी होते, जिला दोन्हीकडचं माहीत होतं.

"आईंना माहीत आहे," मी म्हणाले. "त्या दिवशी तेल लावताना त्यांनी पाहिलं. दहावीच्या वेळचंही त्यांना आठवतं."

कल्पनाताई माझ्याकडे वळल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, मग ती बोलली का नाही? मी म्हणाले, त्यांनी मला सांगितलं होतं, तुम्हाला सांगू नको म्हणून. त्या हसल्यासारख्या झाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सवयीनं म्हणाले, ताई, रडू नका, ग्लू अजून कच्चा आहे. त्यांनी मान मागे टाकली, वर टपाकडे बघत राहिल्या, आणि पाणी डोळ्यांतच जिरवलं.

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. बरीच माणसं उतरली, थोडी चढली. मी त्यांची पिशवी पायाखालून ओढून त्यांच्या हाताशी ठेवली. त्या उठल्या नाहीत. गाडी निघायच्या आधी कंडक्टर आमच्यापाशी येऊन थांबला.

"ताई, तुमचं पारोळा आलं ना? उतरायचं नाही का?"

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "पुढचं धुळ्याचं द्या."

"काही काम निघालं का तिकडे?"

"हो," त्या म्हणाल्या. "आईला एक सांगायचं राहिलं."